चंद्राचा उजवा हात

भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात लहानपणीच पोलिओने वाळला होता. क्षेत्ररक्षण करताना ते चेंडू डाव्या हाताने फेकत. गोलंदाजी मात्र त्याच वाळलेल्या उजव्या हाताने! म्हैसूरच्या या मुलाने १९६४ साली मुंबईत इंग्लंडविरुद्ध कसोटी पदार्पण केलं आणि १९७९ पर्यंत ५८ कसोट्यांत २४२ बळी घेतले.

लेगस्पिन ही मुळात संथ कला. मनगटातून गिरकी द्यायची, तर वेगावर पाणी सोडावं लागतं. चेंडू हवेत रेंगाळतो आणि फलंदाजाला विचार करायला सवड मिळते. चंद्रा ती सवडच देत नसत. लांबून धावत येत, तो बारीक हात चाबकासारखा फिरे आणि चेंडू जवळजवळ मध्यमगतीने सुटे. त्यात गुगली उलटी आत येई. आणि टॉपस्पिनर? पुढच्या दिशेने गरगरणाऱ्या चेंडूच्या वरच्या बाजूला हवेचा दाब वाढतो, खाली घटतो. म्हणून तो अंदाजाआधीच खाली येतो आणि टप्पा पडताच अंगावर उसळतो. हे सगळं त्या वेगात! बॅट खाली येईपर्यंत खेळ संपलेला असे.

ऑगस्ट १९७१, ओव्हल. पहिल्या डावात ७१ धावांची आघाडी घेतलेला इंग्लंडचा संघ दुसऱ्या डावात खेळत होता. समोर जॉन एड्रिच. आपल्या मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी चंद्रांना आवाज दिला, ‘मिल रीफ!’ त्या वर्षी डर्बी जिंकलेल्या घोड्याचं हे नाव. म्हणजे, आता वेगाचा टाक. चंद्रांनी टाकला, आणि एड्रिचची बॅट खाली येण्याआधी यष्ट्या उडाल्या. पाठोपाठ फ्लेचरचा झेल एकनाथ सोलकरने फलंदाजाच्या अगदी पुढ्यात टिपला. इंग्लंड सर्वबाद १०१, चंद्रा ३८ धावांत ६ बळी. अजित वाडेकरांच्या संघाने इंग्लंडच्या भूमीवर भारताचा पहिला कसोटी विजय मिळवला आणि मालिकाही जिंकली.

पोलिओवर मात करून ते मोठे झाले, असं आपण सहज म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. त्या हाताच्या लवचिकपणातच चेंडूचा तो वेग दडला होता, असं अनेक जाणकार मानतात आणि मलाही ते पटतं. पण दिशा, टप्पा आणि मनगटाची ती नेमकी कलाटणी कुठल्याही आजाराने दिलेली नाही. ती त्यांची स्वतःची कमाई. मेलबर्नच्या १९७७-७८ च्या कसोटीत दोन्ही डावांत त्यांचे आकडे हुबेहूब सारखे होते: ५२ धावांत ६ बळी. ऑस्ट्रेलियात भारताने जिंकलेली ती पहिली कसोटी. फलंदाजीत मात्र उभ्या कारकिर्दीत त्यांच्या धावा झाल्या अवघ्या १६७, बळींहून ७५ कमी.