पिल्लू नर की मादी? आणताच पाहून घ्या

ऊसतोड सुरू झाली की फडाच्या कडेला, पाचटाच्या आडोशाला कुत्रीची पिल्ले हमखास सापडतात. वस्तीला राखण हवी, पोरांचाही हट्ट, म्हणून आपण एखादे उचलून आणतो. नर की मादी, हे मात्र कोणी धड पाहत नाही.

आमच्या वस्तीवर असेच झाले. नाव ठेवले वाघ्या. आठव्या महिन्यात गावचे कुत्रे घराभोवती घिरट्या घालू लागले, तेव्हा कळले की हा वाघ्या नव्हे, वाघी! पुढे दोन महिन्यांनी कडब्याच्या गंजीखाली सहा पिल्ले. दोन पाहुण्यांनी नेली. उरलेली ओढ्यापलीकडे सोडावीत, असे घरात बोलणे निघाले. चूक आमची आणि शिक्षा त्या मुक्या जिवांना! शेवटी चारही सांभाळली.

ओळखायला काही अवघड नाही. पिल्लाला मांडीवर उताणे घ्या, पाठीला हाताचा आधार द्या. नुकतेच दूध प्यालेले असेल तर थोडे थांबा. पोटावर बेंबीचा वण दिसेल. त्याच्या थोडे मागे दुसरा उंचवटा व त्यावर छिद्र असेल तर नर. तेथे काही नसून मागच्या पायांच्या मध्ये, गुदद्वाराच्या खाली, पानाच्या आकाराची लहान फट असेल तर मादी. बेंबीलाच नराची खूण समजण्याची चूक पुष्कळांची होते. सडांवरून तर ठरवूच नका, ते नरालाही असतात. लघवीवरूनही नको, लहानपणी नरही बसूनच करतो.

नराच्या गोळ्या साधारण दोन महिन्यांपर्यंत खाली उतरतात. त्याआधी हाताला लागल्या नाहीत म्हणून मादी ठरवू नये. सहा महिने झाले तरी एखादी उतरली नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

कुत्री बहुधा सहा ते बारा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते आणि गाभण राहिली की सुमारे ६३ दिवसांत विते. म्हणून नसबंदी कधी करावी, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच विचारून ठेवा. नराचीही करता येते. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस टोचा व पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे द्या. पिल्लू चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद-चुन्यावर विसंबू नका.

आणि मादी निघाली म्हणून रस्त्यावर सोडू नका. पाळलेले जनावर उपाशी मरायला टाकणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. कायद्याचे राहू द्या. राखणीला कुत्री कुत्र्यापेक्षा तसूभरही कमी नसते. आमची वाघी आजही रात्री मोटारीपाशी बसून असते.