सरकता काठ आणि स्थिर सातबारा

२०१९ सालच्या अखेरच्या दिवशी अमेरिकेतील मिशिगन सरोवराच्या पूर्व काठावर, मस्कीगन परगण्यात, उंच कड्यावर बांधलेले एक घर खालच्या पाण्यात कोसळले. त्या हिवाळ्यात त्याच काठावरील इतर अनेक घरमालक आपल्या अंगणाची कड दर आठवड्याला किती फूट मागे सरकते आहे याचे मोजमाप घेत होते. जगाच्या व्यवहारात एका घराच्या पडझडीला ते काय महत्त्व! परंतु अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला या बातमीत आपल्या विषयातील एक जुना आणि आजही न मिटलेला वाद दिसतो. आपली मालमत्ता वाचवण्याचा प्रत्येकाचा हक्क नेमका कोठे संपतो, आणि त्या संरक्षणाची किंमत अखेर कोणाच्या पदरात पडते, हा तो वाद होय.

प्रथम या सरोवराची कल्पना यावी म्हणून दोन आकडे सांगतो. मिशिगनचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर आहे. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे आपले पाचही जिल्हे एकत्र केले तरी ते जेमतेम या सरोवराएवढे भरतील. अशा पाण्यावर वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा उठतात. मात्र समुद्राचे पाणी रोज ठरल्या वेळी चढते आणि उतरते, तर या सरोवराची पातळी वर्षानुवर्षांच्या पावसावर, बर्फावर आणि बाष्पीभवनावर अवलंबून राहते. मिशिगन आणि त्याला सामुद्रधुनीने जोडलेले ह्युरन ही दोन सरोवरे जलविज्ञानाच्या दृष्टीने एकच होत. त्यांचे पाणी १९६४ मध्ये फार खाली गेले, १९८६ च्या ऑक्टोबरात विक्रमी उंचीवर पोहोचले आणि २०१३ च्या जानेवारीत नीचांकावर आले. पुढे २०२० च्या जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत प्रत्येक महिन्यात त्या त्या महिन्याचा जुना उच्चांक मोडला गेला. अवघ्या साडेसात वर्षांत पाणी सुमारे सहा फूट चढले. त्यानंतर ते पुन्हा उतरले.

मनुष्याची स्मरणशक्ती मात्र या चक्रापेक्षा तोकडी आहे. पाणी खाली असते तेव्हा पुढे रुंद वाळवंट दिसते, काठावरच्या भूखंडांना मागणी येते आणि पाण्याच्या जितके जवळ जावे तितका भाव चढतो. विकत घेणाऱ्याला दिसते ते सरोवराचे त्या वर्षीचे रूप. खरेदीखतात मात्र सीमा कायमची लिहिली जाते. काठ सरकता आणि कागद स्थिर, ही सगळ्या पुढच्या दुःखाची सुरुवात आहे.

भिंत आणि शेजारी

पाणी चढले की घरमालक साहजिकच भिंतीचा आसरा शोधतो. पोलादी पत्रे ठोकून किंवा काँक्रीट ओतून संरक्षक भिंत उभी करावी, नाहीतर मोठमोठे दगड रचून पिचिंग करावे, हे दोन रूढ उपाय आहेत. २०१९ व २०२० मध्ये मिशिगन राज्याच्या पर्यावरण खात्याकडे अशा बांधकामांच्या परवान्यासाठी अर्जांची रीघ लागली होती. घर डोळ्यांदेखत जात असताना माणसाने दुसरे काय करावे?

परंतु भिंत लाटेचा जोर नाहीसा करीत नाही, ती तो परतवते. उभ्या भिंतीवर आपटलेली लाट मागे फिरताना पायथ्याची वाळू उकरून नेते. भिंतीपुढचे वाळवंट खचत जाते आणि भिंतीच्या पायालाच धोका निर्माण होतो. भिंत जेथे संपते तेथे लाटांचा मारा वळतो आणि लगतच्या भूखंडाचा काठ अधिक वेगाने तुटू लागतो. तिसरी गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. या सरोवराकाठचे कडे पुष्कळ ठिकाणी हिमयुगातील हिमनद्यांनी आणून टाकलेल्या माती, वाळू आणि गोट्यांचे बनलेले आहेत. त्यांची झीज झाली म्हणजेच किनाऱ्याला नवी वाळू मिळते, आणि ती लाटांबरोबर काठाकाठाने पुढे सरकत इतरांची वाळवंटे भरून काढते. कडा भिंतीने बंद केला की ही रसद तुटते. म्हणजे एकाच्या अंगणाची राखण ही दुसऱ्याच्या वाळवंटाची उपासमार ठरते.

केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्ये आपल्या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील अंतराची मीमांसा केली. कारखान्याचा धूर हे त्याचे नेहमीचे उदाहरण. परंतु सरोवराकाठची भिंत हे तितकेच बोलके आहे. भिंत बांधणारा सिमेंट, पोलाद आणि मजुरी यांचा हिशेब करतो. शेजाऱ्याचा तुटलेला काठ आणि फिरायला येणाऱ्यांचे नाहीसे झालेले वाळवंट हे त्या हिशेबात कोठेच येत नाही. मग शेजारीही स्वसंरक्षणासाठी भिंत घालतो, त्याच्यापुढचाही घालतो, आणि अखेरीस मैलोगणती काठ दगडा-सिमेंटचा होतो. प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचा असतो, आणि तरीही सर्वांनी मिळून जे गमावले ते कोणालाच गमवायचे नव्हते. कोज यांनी १९६० मध्ये मांडलेला आपसातील तडजोडीचा मार्ग दोन शेजाऱ्यांत चालेल. शेकडो मालक आणि असंख्य फिरस्ते यांच्यात तो कोण घडवून आणणार?

येथे दोष केवळ घरमालकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सरकारने बांधलेली बंदरे हीदेखील किनाऱ्याशी काटकोनात उभ्या केलेल्या मोठ्या भिंतीच होत. मिशिगन राज्यातील सेंट जोसेफ बंदराच्या धक्क्यांनी वाळूचा प्रवाह अडवल्यामुळे पलीकडचा काठ उपाशी राहिला. इंडियाना राज्यात बर्न्स हार्बरच्या पश्चिमेला असलेल्या ऑग्डन ड्यून्स गावाची हीच तक्रार आहे. अमेरिकी संसदेने १९६८ च्या बंदरविषयक कायद्यात ही जबाबदारी तत्त्वतः मान्य केली. केंद्र सरकारच्या जलवाहतुकीच्या बांधकामांमुळे किनाऱ्याची हानी झाल्यास ती कमी करण्याची तरतूद त्यातील १११ व्या कलमात आहे, आणि सेंट जोसेफच्या पलीकडे बाहेरून वाळू आणून टाकली जाते. ज्याने वाळू अडवली त्यानेच ती भरून द्यावी, हा न्याय सरकारला लागू पडतो, तर तो खाजगी भिंतीला का लागू पडू नये?

काठ कोणाचा?

या प्रश्नाच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे. इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने १८६९ मध्ये शिकागोसमोरील सरोवराच्या तळाची एक हजार एकरांहून अधिक जमीन एका रेल्वे कंपनीला देऊन टाकली. १८७३ मध्ये विधिमंडळालाच पश्चात्ताप झाला आणि दान रद्द झाले. कंपनी न्यायालयात गेली. १८९२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अशी जलाशये राज्याकडे जनतेचे विश्वस्त या नात्याने असतात आणि विश्वस्ताला ठेव अशी विकून टाकता येत नाही. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच तत्त्वाच्या आधारे, नेहमीच्या उच्च जलरेषेच्या खालच्या काठावरून चालण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. पुढे २०१८ मध्ये इंडियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या रेषेपर्यंतची जमीन राज्याचीच असल्याचे सांगितले.

हे सारे परक्या देशाचे कायदे म्हणून सोडून द्यावे असे कोणाला वाटेल, परंतु तसे नाही. हिमाचल प्रदेशात बियास नदीकाठच्या एका मोटेलने १९९३ नंतर पुरापासून आपली इमारत वाचवण्यासाठी नदीपात्रात खोदकाम व बांधकाम करून प्रवाहच वळवण्याचा प्रयत्न केला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात त्या जमिनीचा भाडेपट्टा रद्द ठरवला, आणि तसे करताना १८९२ च्या त्याच शिकागोच्या निकालाचा आधार घेऊन विश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे जाहीर केले. मिशिगनच्या काठावरचा वाद अशा रीतीने आपल्या घरापर्यंत आलेला आहे.

माघारीचे अर्थशास्त्र

वर्गात हा विषय निघाला असता किनारपट्टीच्या गावातून आलेल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, मग घर वाहून जाऊ द्यायचे का?" प्रश्न रास्त आहे. काठावरचा प्रत्येक मालक धनाढ्य नसतो. कोणाचे ते आजोबांच्या वेळचे लहानसे घर असते, कोणी निवृत्तीनंतर आयुष्यभराची पुंजी त्यात घातलेली असते. त्यांना बाह्य परिणामांची व्याख्या ऐकवणे हे बुडत्याला पोहण्याचे पुस्तक देण्यासारखे आहे.

उत्तर असे, की माघार घेण्याची व्यवस्था संकटापूर्वी करून ठेवली पाहिजे. मिशिगन राज्याने १९७० मध्ये किनारा संरक्षणाचा कायदा केला. ज्या काठाची झीज निदान १५ वर्षे सरासरी वर्षाला एक फूट किंवा अधिक आहे, तो त्यान्वये अतिधोक्याचा मानला जातो. तेथे नवे घर बांधायचे तर झिजेचा अंदाज घेऊन, लहान बांधकामाला ३० वर्षांचे आणि मोठ्याला ६० वर्षांचे अंतर मागे सोडावे लागते. अंतर फुटांत न सांगता वर्षांत सांगणे हे मला या कायद्याचे मर्म वाटते. काठ सरकणार हे त्यात आधीच मान्य केलेले आहे.

जुन्या घरांसाठीही एक प्रयोग झाला. १९८७ मध्ये अमेरिकी संसदेने पूरविम्याच्या योजनेत एक दुरुस्ती केली. ती सुचवणाऱ्या दोघा प्रतिनिधींपैकी एक सेंट जोसेफचेच होते. घर कोसळण्याची वाट न पाहता ते पाडावे किंवा मागे हलवावे आणि त्यासाठी विम्याचे पैसे मिळावेत, अशी ती योजना होती. हेतू उत्तम होता, पण घर पाडल्यास विमामूल्याच्या ११० टक्क्यांपर्यंत भरपाई आणि हलवल्यास केवळ ४० टक्क्यांपर्यंत, असा तिचा तपशील होता. त्यामुळे हलवण्याजोगी घरेही पाडण्याकडे कल झाला. १९९४ मध्ये संसदेने ही योजनाच मोडीत काढली. मला यातून निघणारा बोध वेगळा वाटतो. माघारीसाठी पैसा देणे चूक नव्हते. चूक प्रमाणात होती. भरपाईचा आकडा माणसाला कोठल्या दिशेला ढकलणार आहे, याचा विचार आकडा ठरवण्यापूर्वी व्हायला हवा.

घर कड्यापासून पुरेसे मागे असेल तर साधे उपायही उपयोगी पडतात. छपराचे आणि अंगणाचे पाणी कड्यावरून खाली न सोडता मागे वळवावे, कारण कडा जसा लाटांनी तुटतो तसा आत मुरलेल्या पाण्यानेही घसरतो. कडेपर्यंत हिरवळ लावून तिला पाणी पाजण्याऐवजी खोल मुळांची स्थानिक झुडपे राखावीत. भिंत अटळच असेल तर शेजाऱ्यांनी मिळून, किनाऱ्याच्या सबंध पट्ट्याचा विचार करून ती बांधावी, आणि अडलेल्या वाळूची भरपाई परवान्याची अट असावी. मात्र कडा पायाशी आला असेल तर हे उपाय पुरत नाहीत. तेथे घर हलवणे हाच मार्ग उरतो.

आपल्याकडील दोन धडे

आपल्याकडे नैसर्गिक महासरोवरे नाहीत, पण सरकता काठ आपल्या परिचयाचा आहे. कोकणात धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी ही प्रत्येक पावसाळ्याची मागणी असते. रत्नागिरीजवळच्या मिऱ्या येथील बंधारा उधाणात ढासळतो आणि पुन्हा दुरुस्त होतो, हे तेथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे पाहिले आहे. माझा तो विद्यार्थी सांगत होता, की त्यांच्या वाडीसमोर दगड पडले तेव्हा सर्वांना आनंद झाला. पुढे शेजारच्या वाडीची सुरूची झाडे पाण्यात गेली तेव्हा दोन्ही वाड्यांत बोलणे बंद झाले. बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात दगडांचा भाव असतो, तुटलेल्या शेजाराचा नसतो.

दुसरा धडा अधिक आशादायक आहे आणि तो आपल्या धरणांच्या काठी सापडतो. उन्हाळ्याकडे जलाशय उतरू लागला की उघड्या पडणाऱ्या जमिनीला आपण गाळपेर म्हणतो. तिची मालकी शासनाची राहते आणि धरणग्रस्तांना प्राधान्य देऊन ती हंगामापुरती कसायला दिली जाते. पाणी उतरले की पेरायचे आणि पाणी चढण्यापूर्वी पीक काढून निघायचे, हा करार तेथील शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. गाळपेरीत कोणी विहीर बांधत नाही की पक्के घर घालत नाही. भूमीचा उपभोग मिळतो, पण ती परत द्यायची आहे याची जाणीव त्या उपभोगातच असते.

मिशिगनच्या काठावरील घरमालकापाशी पैसा होता, यंत्रे होती, कायद्याचे सल्लागार होते. नव्हती ती ही जाणीव. पाण्याच्या काठी मिळालेली जमीन ही मुदतीची आहे, हे खरेदीच्या दिवशीच कागदावर लिहिले गेले, तर तिचा भाव उतरेल, घर मागे बांधले जाईल आणि पुष्कळशा भिंतींची गरजच उरणार नाही. हे आपण कोकणातील नव्या बांधकामांच्या बाबतीत आज लिहावयाचे, की पुढच्या पिढीच्या हातात फक्त दगडांची अंदाजपत्रके ठेवावयाची, हा निर्णय मात्र पाणी आपल्यासाठी घेणार नाही.