लॉजिस्टिक रिग्रेशनमधील इंटरॅक्शन : पावसाचा खंड आणि कोरडवाहू रान

ज्या प्रश्नाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच असतं, तिथे लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतात. आपल्या रेणापूर तालुक्यातलं सोयाबीनच घ्या. शेंगा भरताना पावसानं खंड दिला, तर पीक हातचं जाईल का? कुणीही म्हणेल, "विहिरीला पाणी आहे का, ते आधी सांगा." हेच इंटरॅक्शन! एका चलाचा परिणाम दुसऱ्या चलावर अवलंबून असणं.

आता आकडे मानू (हे फक्त समजण्यापुरते). दर १०० शेतांपैकी पीक गेलेली शेतं :

विहीर आहे, खंड नाही : २०
विहीर आहे, खंड पडला : ५०
कोरडवाहू, खंड नाही : २०
कोरडवाहू, खंड पडला : ८०

ऑड्स म्हणजे गेलेली भागिले वाचलेली शेतं. विहीर असताना खंडामुळे ऑड्स २०/८० वरून ५०/५० झाले, म्हणजे ४ पट. कोरडवाहू रानात २०/८० वरून ८०/२० झाले, म्हणजे १६ पट. १६ भागिले ४ बरोबर ४. हा झाला इंटरॅक्शनचा ऑड्स रेशो.

समीकरण असं :
लॉग ऑड्स = −१.३९ + १.३९ × खंड + ० × कोरडवाहू + १.३९ × (खंड × कोरडवाहू)

(खंड पडला तर १, नाही तर ०, कोरडवाहू १, विहीर असेल तर ०. ४ चा नैसर्गिक लॉग १.३९.)

इथेच बरेच जण फसतात. 'कोरडवाहू'चा सहगुणक शून्य दिसला, की "विहिरीनं काही फरक पडत नाही" असं लिहून मोकळे होतात. पण तो शून्य फक्त खंड नसतानाचा आहे! असा अहवाल वाचून कुणी विहिरी आणि शेततळ्यांवरचा खर्च थांबवला, तर फटका कोरडवाहू शेतकऱ्यालाच बसेल. म्हणून इंटरॅक्शन असेल, तर मुख्य सहगुणक कधीच एकटा वाचायचा नाही.

आणखी एक गोष्ट. ऑड्सची पट आणि टक्क्यांतला फरक वेगवेगळा असतो. ऑड्स ४ पट झाले, तर २० टक्क्यांचे ५० होतात, पण ८० चे जेमतेम ९४. म्हणून निष्कर्ष लिहिताना चारही गटांची संभाव्यता काढून शेजारीशेजारी मांडा.

आता गृहपाठ : शेवटच्या गटात ८० ऐवजी ५० घ्या. इंटरॅक्शनचा सहगुणक किती येईल, आणि का?