पडद्यावरील अक्षर : शोभा आणि सुवाच्यता

संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावरील मांडणीतही पोशाखाप्रमाणे नव्या तऱ्हा येतात आणि जातात. 2013 साली ॲपल कंपनीने आयओएस 7 ही प्रणाली आणली, तेव्हा चामड्याचा वा लाकडाचा भास देणारी जुनी सजावट जाऊन सपाट रंग व सडपातळ अक्षरे आली. 2025 साली त्याच कंपनीने काचेसारखी पारदर्शक मांडणी पुढे केली. मागचे चित्र मजकुराआडून डोकावू लागले. या नवेपणास आमचा विरोध नाही. नेटकेपणा हाही वाचकाविषयीचा आदरच होय. मात्र अशा तऱ्हांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक सहज घटतो, आणि त्याची झळ प्रथम लागते ती वृद्ध व मंददृष्टी वाचकांस.

हा फरक केवळ रुचीचा विषय नव्हे. तो मोजता येतो. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या 2008 च्या मार्गदर्शिकेत तो गुणोत्तराने सांगितला आहे. पांढऱ्यावर काळे अक्षर असता गुणोत्तर 21 ला 1 येते. नेहमीच्या मजकुरास किमान 4.5 ला 1 असावे, अशी तेथे अपेक्षा आहे. 777777 या संकेतांकाचा करडा रंग पांढऱ्यावर 4.48 लाच अडतो. केसभर गडद असा 767676 उत्तीर्ण होतो. डोळ्यांस दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा नियम पाळल्याने शोभा जाते, ही तक्रार फारशी टिकत नाही.

तथापि देवनागरीस एवढ्याने भागत नाही, असे आमचे मत आहे. गुणोत्तराच्या गणितात रेषेची बारकाई धरलेली नाही. रोमन 'आय'वरचे टिंब पुसले तरी शब्द वाचता येतो. 'त्याचा अर्ज' आणि 'त्यांचा अर्ज' यांत मात्र भेद एका टिंबाचाच, आणि अर्ज कोणाचा हे त्यावरच ठरते. ओळींतील अंतर रोमन अक्षरांच्या मापाने ठेवले की रफार वरून कापला जातो, उकार खालून. म्हणून मराठी मजकुरास टंक किंचित मोठा व भरीव हवा, ओळी मोकळ्या हव्यात, आणि वाचकाने अक्षर दुप्पट केले तरी मांडणी मोडता कामा नये; ही शेवटची अट उपरोक्त मार्गदर्शिकेतही आहे.

शाळेचे संकेतस्थळ करवून घेणाऱ्या शिक्षकांनी नमुना पसंत करण्यापूर्वी त्यात 'विद्यार्थ्यांच्या' आणि 'मूर्तींपुढील' हे दोन शब्द लिहवून, पडदा भर उन्हात धरून पाहावा. पहिल्यात रफार व अनुस्वार एकाच शेंड्यावर दाटीने बसतात. दुसऱ्यात वर वेलांटी, रफार व अनुस्वार आणि खाली उकार, असा सगळा परिवार एकत्र येतो.