लाल म्हणजे नाही, शून्य म्हणजे हो

भांडुप ते नाहूर या पट्ट्यात धावणाऱ्या लोकलसाठी प्रत्येक सिग्नल कुणी माणूस खटका दाबून बदलत नाही. मध्य रेल्वेच्या या मार्गावर स्वयंचलित सिग्नल आहेत आणि त्यांना एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असतं: पुढचा रूळ मोकळा आहे का? हे ओळखण्याची जुनी आणि भरवशाची पद्धत म्हणजे ट्रॅक सर्किट. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ मध्ये ती आणली. रुळाच्या ठरावीक तुकड्यात एका टोकाने किंचित वीज सोडायची आणि दुसऱ्या टोकाला रिले बसवायचा. वीज पोचत राहिली तर रिले उचललेला राहतो आणि सिग्नल हिरवा होऊ शकतो. गाडी आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडून टाकतात, वीज मधूनच परत फिरते, रिले स्वतःच्या वजनाने खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तडकला, वायर तुटली, बॅटरी बसली किंवा जुलैच्या पावसात रुळांवर पाणी चढलं, तरी रिले तसाच पडतो. हिरव्यासाठी सगळं धड चालावं लागतं, लाल मात्र काहीही बिघडलं तरी मिळतो. सिग्नलचा दिवाच विझला असेल, तर तो सिग्नल सर्वांत कडक संकेत देतो आहे असं समजून मोटरमनने वागावं, असाही नियम आहे.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात काम करणाऱ्या फंक्शनलाही असंच उत्तर द्यावं लागतं. फाइल उघडली का, मेमरी मिळाली का, डिस्कवर लिहून झालं का? सी भाषेत हे उत्तर बहुधा एका साध्या पूर्णांकात येतं आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण त्या पूर्णांकाचा अर्थ दोन उलट पद्धतींनी लावता येतो. पहिल्या पद्धतीत शून्य म्हणजे काम झालं आणि बाकी प्रत्येक आकडा अपयशाचं एकेक कारण. यामागचा विचार सरळ आहे: यश एकाच प्रकारचं असतं, अपयशाला कारणं पुष्कळ. दुसऱ्या पद्धतीत एक म्हणजे हो, शून्य म्हणजे नाही. लिनक्स कर्नलच्या लेखनसंहितेने यावर तोडगा काढला आहे. फंक्शनचं नाव ‘काम जोड’ असं आज्ञेसारखं असेल, तर त्याने यशासाठी शून्य आणि अपयशासाठी ऋण एरर कोड द्यावा. नाव ‘उपकरण आहे का’ अशा प्रश्नाचं असेल, तर हो किंवा नाही द्यावं. नाव वाचलं की उत्तराची भाषा कळावी, एवढीच यातली अपेक्षा.

हा आग्रह निव्वळ टापटिपीचा वाटत असेल, तर २०१४ सालचे दोन आठवडे पाहावेत. त्या वर्षी २१ फेब्रुवारीला ॲपलने आयफोनसाठी तातडीची दुरुस्ती पाठवली. समोरचा सर्व्हर खरा की तोतया हे तपासणाऱ्या कोडमध्ये ‘थेट शेवटाकडे जा’ अशा अर्थाची एक ओळ चुकून दोनदा पडली होती. दुसऱ्या ओळीला कोणतीही अट लागू नव्हती, त्यामुळे शेवटची आणि खरी तपासणी होण्याआधीच कोड बाहेर पडायचा. उत्तर साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये तोवर शून्य होतं आणि तिथे शून्य म्हणजे ‘सगळं ठीक’. मार्चच्या सुरुवातीला ग्नू-टीएलएस या लायब्ररीतला दोष उघड झाला. तिथली पद्धत बरोब्बर उलट होती. प्रमाणपत्र देणारी संस्था ग्राह्य आहे का, या प्रश्नाला एक किंवा शून्य असं उत्तर अपेक्षित होतं. आत काही बिनसलं की तेच फंक्शन ऋण एरर कोड परत करायचं. सी भाषेला शून्य सोडून सगळेच आकडे ‘हो’ वाटतात, म्हणून ‘तपासताच आलं नाही’ याचा अर्थ ‘ग्राह्य आहे’ असा लागला. दोन्ही ठिकाणी तपासणी पुरी न होताच हिरवा दिवा लागला.

ग्नू-टीएलएसमध्ये दोन पद्धतींची सरमिसळ झाली होती, तिच्यावर कर्नलचा नियम हे औषध आहे. ॲपलच्या चुकीवर मात्र तो पुरत नाही. उलट रेल्वेच्या कसोटीवर शून्याला यश मानणारी पद्धतच संशयास्पद ठरते. कोऱ्या मेमरीत बहुधा शून्य असतं आणि व्हेरिएबलची सुरुवातही लोक सवयीने शून्याने करतात, म्हणजे कुणी काहीच केलं नाही तरी उत्तर ‘झालं’. कर्नलमध्येही अशा चुका नियमाने सापडतात. अपयशाच्या वाटेने बाहेर पडताना कोड भरायचा राहतो आणि शून्य परत जातं. स्मॅच नावाचं तपासणीचं साधन अशा जागा हुडकून दाखवतं. पन्नास वर्षांची ही पद्धत आता बदलणार नाही, आणि अर्धीमुर्धी बदलली तर सरमिसळ आणखी वाढेल. पण जिथे परवानगी किंवा ओळख तपासायची आहे, तिथे व्हेरिएबलची सुरुवात अपयशाच्या कोडने करावी आणि सगळ्या पायऱ्या ओलांडल्यावर शेवटच्या ओळीत शून्य लिहावं, असं माझं ठाम मत आहे. खर्च एका ओळीचा आहे.

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे त्रुटीने माहितीचे कपडे घालणं. सीमधलं अक्षरांचा आकडा करून देणारं जुनं ‘एटूआय’ फंक्शन ‘०’ वाचलं तरी शून्य देतं आणि ‘अबक’ वाचलं तरी शून्यच. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे ४० सेकंदांत नष्ट झालं, त्यात हाच प्रकार होता. मोठा आकडा १६ बिटांत बसेना म्हणून दिशादर्शक संगणक बंद पडला आणि बंद पडताना त्याने बिघाडाच्या निदानाचे बिट धाडले. मुख्य संगणकाने ते उड्डाणाची माहिती समजून वाचले आणि नळकांडी वळवली. बिघाड कळवला गेला होता, पण तो बिघाड आहे हे वाचणाऱ्याला कळायची सोय नव्हती.

मग प्रत्येक बिघाडाला वेगळा कोड द्यावा का? अनेकांचा तसा आग्रह असतो आणि शोध घेताना तपशील लागतो हे खरं आहे. पण तो तपशील नोंदवहीत जावा. सिग्नल लाल का झाला, गाडीमुळे की पाण्यामुळे, हे मोटरमनला सांगितलं जात नाही. त्याला कळतं ते पुढे काय करायचं. खांबावरच्या पांढऱ्या गोल पाटीवर काळा ‘ए’ असेल तर तो स्वयंचलित सिग्नल. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांनुसार तिथे दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटं थांबून, अडथळा दिसताच थांबता येईल इतक्या सावध वेगाने पुढे जायचं. ती खूण नसेल तर परवानगीशिवाय हलायचं नाही. लाल एकच, पण ‘पुन्हा बघ’ आणि ‘थांबूनच राहा’ हे वेगळे. युनिक्सच्या ‘ई-अगेन’ आणि ‘ई-आयओ’ या कोडांत हाच भेद आहे: पहिला आला तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा, दुसरा आला तर डिस्क किंवा उपकरणाकडे पाहावं. वाचणाऱ्याची कृती बदलत नसेल, तर कोड वाढवून उपयोग नाही.

रस्टसारख्या नव्या भाषांत उत्तर आणि त्रुटी वेगळ्या खणांत येतात, मग आकड्यांचा हा खल कशाला, असं कुणी विचारील. त्या भाषा चांगल्याच आहेत. उत्तर न वाचताच पुढे गेलं तर त्यांचा कंपायलर हटकतो, हे तर फारच चांगलं. तरी ऑपरेटिंग सिस्टिमच्या दाराशी त्यांनाही तोच पूर्णांक मिळतो आणि नेटवर्कपलीकडे तर निव्वळ कोडच जातो.

नेटवर्कवर आणखी एक तिसरं उत्तर भेटतं: माहीत नाही. भाजीवाल्याला यूपीआयने पैसे पाठवले, खात्यातून गेले, आणि पलीकडून वेळेत काहीच आलं नाही. याला अपयश म्हटलं तर ग्राहक पुन्हा पाठवेल आणि दोनदा कापले जातील. यश म्हटलं तर भाजीवाला बुडेल. म्हणून इथे ‘प्रलंबित’ हा स्वतंत्र निकाल ठेवावा लागतो आणि नवा व्यवहार न करता त्याच व्यवहार क्रमांकाने पुन्हा चौकशी करावी लागते. हे उत्तर अनंतकाळ लटकू नये म्हणून रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात मुदत घातली: एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला दिलेल्या पैशांची खात्री मिळाली नाही तर ५ दिवसांत, ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई.