नवाबाची दुर्बीण

शिरूर अनंतपाळच्या शाळेच्या मैदानावरून हिवाळ्यात मृग नक्षत्र पाहताना त्याच्या पायांखालचा शशक सहसा कोणी पाहत नाही. या शशकातील दोन ठळक तारे आकाशाच्या ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा मोजण्याचे काम हैदराबादेत झाले. शिरूरही १९४८ पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होते.

या कामाचा आरंभ एका हौशी माणसाने केला. नवाब जफर जंग हे निजामाच्या दरबारातील सरदार. इंग्लंडमधून त्यांनी १५ इंची दुर्बीण आणली आणि १९०१ साली हैदराबादजवळ फिसलबंडा येथील आपल्या जागेत वेधशाळा उभारली. तिला नाव दिले ‘निजामिया’. आकाशाची छायाचित्रे घेणारी ८ इंची दुर्बीणही त्यांनी मिळवली. १९०७ साली ते वारले. उपकरणे घराण्यात राहिली असती, तर कदाचित धूळ खात पडली असती. पण १९०८ मध्ये वेधशाळा सरकारकडे आली, पुढे ती बेगमपेठेत हलली आणि १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाला जोडली गेली.

पॅरिस येथे १८८७ साली ठरल्याप्रमाणे जगातील वेधशाळांनी आकाश वाटून घेतले होते. निजामियाच्या वाट्याला खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस १७ ते २३ अंशांचा पट्टा आला. पोकॉक आणि त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन यांच्या देखरेखीखाली काचेच्या पट्ट्यांवरील ताऱ्यांची स्थाने मोजून ग्रंथांत छापली गेली.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय? विद्यार्थ्यांना हे गणित करायला द्यावे. त्या काचेवर १ मिलिमीटर म्हणजे आकाशातील ६० विकला. एखादा तारा वर्षाला ०.१ विकला सरकत असेल, तर वर्षभरात काचेवर तो फक्त १/६०० मिलिमीटर हलेल. ८० वर्षांत मात्र ८ विकला, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर! ताऱ्यांची ही निजगती काढण्यासाठी जुनी नोंद लागतेच. २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ या यादीत उपग्रहाच्या मोजमापांशी याच जुन्या नोंदी ताडून पाहिल्या गेल्या.

दुर्बीण आज नवी घेता येते. १९१५ सालचे आकाश पुन्हा मोजता येत नाही. म्हणून शाळेतील पावसाच्या, तापमानाच्या नोंदवह्याही आपण जपून ठेवू या. त्यांचा खरा वाचक कदाचित अजून जन्मायचा असेल.