सार्वजनिक विद्युत वाहन चार्जिंग केंद्रे : वेग व खर्च यांची तुलना

प्रस्तावना :
विद्युत मोटारीचा खरेदीदार दोन गटांत मोडतो. स्वतःच्या जागेत वाहन उभे करून घरच्या विजेवर चार्जिंग करणारा पहिला गट व सदनिकेत राहणारा, वाहनतळाची हक्काची जागा नसलेला दुसरा गट. दुसऱ्या गटाचे सर्व गणित सार्वजनिक केंद्रांवर अवलंबून असते. म्हणून या केंद्रांची तुलना कोणत्या निकषांवर करावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

केंद्रांचे स्वरूप :
भारतात टाटा पॉवर, स्टॅटिक, चार्जझोन अशा खाजगी कंपन्यांची केंद्रे आहेत. त्याचबरोबर सार्वजनिक क्षेत्रातील तीन तेल कंपन्यांना त्यांच्या पंपांवर 7,432 जलद चार्जिंग केंद्रे उभारण्यासाठी केंद्र शासनाने मार्च 2023 मध्ये 800 कोटी रुपये मंजूर केले.

वेग :
केंद्राची क्षमता किलोवॉटमध्ये, तर बॅटरीत साठणारी वीज युनिटमध्ये मोजतात. केंद्राच्या फलकावरील आकडा ही कमाल मर्यादा होय. प्रत्यक्ष वेग वाहन ठरवते. उदाहरणार्थ, 2020 साली आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटची होती. ती 0 ते 80 टक्के चार्ज होण्यास जलद केंद्रावर एक तास लागतो, असे कंपनीने जाहीर केले होते. म्हणजे एका तासात सुमारे 24 युनिट, अर्थात सरासरी 24 किलोवॉट. अशा वाहनाला 60 किलोवॉटच्या केंद्राचा विशेष लाभ होत नाही. हीच वीज 3.3 किलोवॉटच्या संथ केंद्रावर भरण्यास सात तासांहून अधिक वेळ लागतो. शिवाय 80 टक्क्यांनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी वेग कमी केला जातो. त्यामुळे प्रवासात पूर्ण चार्जिंगचा आग्रह धरणे वेळेच्या दृष्टीने तोट्याचे ठरते.

खर्च :
चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे स्पष्टीकरण केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल 2018 मध्ये दिले. त्यामुळे केंद्रचालकास वीज परवान्याची गरज उरली नाही. मात्र या सेवेवर 18 टक्के वस्तू व सेवा कर लागतो. घरगुती विजेवर तो लागत नाही. परिणामी जाहीर दरांची तुलना फसवी ठरू शकते. समजा, एका केंद्राचा दर करवगळून 18 रुपये व दुसऱ्याचा करासह 21 रुपये प्रति युनिट आहे. 20 युनिटांसाठी पहिल्या केंद्रावर 424.80 रुपये, तर दुसऱ्यावर 420 रुपये द्यावे लागतील. स्वस्त वाटणारे केंद्र प्रत्यक्षात महाग ठरते.

वेळेचाही दराशी संबंध आहे. 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार केंद्रांना मिळणाऱ्या विजेचा दर सौर तासांत, म्हणजे सकाळी 9 ते दुपारी 4 या वेळेत, सरासरी पुरवठा खर्चाच्या 0.7 पट व इतर वेळी 1.3 पट असावा, असे सुचविले आहे. परंतु नोकरदारास सवड मिळते ती बहुधा सायंकाळी.

निष्कर्ष :
1. केंद्राची क्षमता आणि वाहनाची ग्रहणक्षमता यांपैकी लहान आकडा हाच खरा वेग होय.
2. दरांची तुलना करासह व प्रति युनिट करावी.
3. हक्काची जागा नसलेल्या ग्राहकावर कराचा भार अधिक पडतो. गृहनिर्माण संस्थांच्या आवारात सामाईक चार्जिंगची सोय झाल्यास ही विषमता कमी होऊ शकेल.